वाळूच्या माथ्यावरचं पाणी

नोव्हेंबर २००१ मध्ये 'नेचर' या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात दोन पानांचा एक लेख आला. लेखक होते अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स, आणि विषय होता नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातला एक काळा भुंगेरा. त्याच्या पाठीवर बारीक बारीक उंचवटे असतात. उंचवट्यांची टोकं पाणी धरतात आणि मधल्या मेणचट खाचा पाणी झटकतात. त्यामुळे धुक्यातले कण टोकांवर जमतात, त्यांचा थेंब होतो आणि जड झाला की तो घरंगळत थेट तोंडाशी येतो, असं लेखकांचं म्हणणं होतं. गोष्ट इतकी देखणी की जगभर पसरायला वेळ लागला नाही. २००६ साली अमेरिकेत एमआयटीमधल्या रॉबर्ट कोहेन आणि मायकेल रुबनर यांच्या गटाने याच कल्पनेवरून पाणी धरणारा पृष्ठभाग बनवला. पुढे हवेतून आपोआप भरणाऱ्या बाटलीच्या बातम्या आल्या. निसर्गाकडून तंत्रज्ञान शिकावं असं सांगणाऱ्या भाषणांत तर हा भुंगेरा हमखास हजेरी लावू लागला.

अडचण एकच होती. नामिबमध्ये दशकानुदशकं भुंगेऱ्यांच्या मागे फिरलेल्या संशोधकांनी या खडबडीत पाठीच्या भुंगेऱ्याला असं पाणी पिताना कधी पाहिलंच नव्हतं. धुक्यात डोकं खाली घालून उभा राहणारा भुंगेरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. पण तो वेगळा होता, त्याची पाठ गुळगुळीत होती आणि त्याचा पत्ताही वेगळा होता.

ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस हे त्याचं नाव. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, रंग काळाकुट्ट, पाय अंगाच्या मानाने लांबलचक. ओनिमॅक्रिस हा वंश, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. त्यात डझनाहून थोड्या जास्त जाती आहेत आणि सगळ्यांचं घर एकच: आफ्रिकेचा नैऋत्य किनारा. अंगोलाच्या दक्षिण टोकापासून सबंध नामिबिया ओलांडून दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यापर्यंतचा वाळूचा अरुंद पट्टा सोडून ते जगात कुठेच सापडत नाहीत.

कुळ मात्र अवघ्या जगाचं आहे. टेनेब्रिओनिडी नावाच्या या कुळात वीस हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातली एक मराठी स्वयंपाकघरालाही चांगली ठाऊक आहे. जुन्या कणकेत किंवा रव्यात चाळताना चाळणीत वर राहणारा तांबूस, तीन-चार मिलिमीटरचा किडा, म्हणजे त्रायबोलियम कॅस्टेनियम, हा ओनिमॅक्रिसचा कुळबंधू. (तांदळातला सोंडवाला किडा वेगळ्या कुळातला.) कोरड्या ठणठणीत पिठात, पाण्याच्या थेंबाला तोंड न लावता हा किडा पिढ्यामागून पिढ्या काढतो. खाल्लेल्या अन्नातून शरीरातच तयार होणाऱ्या पाण्यावर त्याचं भागतं. कोरड्यात तग धरण्याची ही खोड सबंध कुळात कमीअधिक आहे. नामिबमध्ये तिची परीक्षा लागते.

ही परीक्षा केवढी कडक, हे गोबाबेब या ठिकाणावरून कळतं. समुद्रापासून साधारण साठ किलोमीटर आत, कुइसेब नदीच्या काठावर ते आहे. तिथे वर्षाला सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या तासाभरात याहून जास्त कोसळतो. आणि हीसुद्धा सरासरीच. कित्येक वर्षं जवळजवळ कोरडी जातात. कुइसेब म्हणायला नदी, पण तिच्यात पाणी वाहतं ते आतल्या डोंगराळ भागात पाऊस झाला तरच, आणि तेही थोडेच दिवस. तरी ती एक मोठं काम करते. दक्षिणेकडून सरकत येणारे वाळूचे डोंगर तिच्या पात्रात अडतात आणि अधूनमधून येणारा पूर ती वाळू वाहून नेतो. त्यामुळे नदीच्या एका अंगाला शंभर मीटरपर्यंत चढलेल्या लालसर टेकड्यांचा समुद्र, तर दुसऱ्या अंगाला सपाट, खडेरी माळ. दोन्ही बाजूंचे भुंगेरे वेगळे आहेत, आणि सगळा घोळ इथेच झाला.

पाऊस नसला तरी धुकं आहे. नामिबच्या किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो. अटलांटिकवरून येणारी दमट हवा त्याच्यावर थंड होते आणि ढगांचा एक बुटका थर रात्री जमिनीकडे सरकतो. वाल्विस बे, स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या गावांना धुक्याचं नवल नाही. गोबाबेबपर्यंत ते वर्षातून साधारण साठ दिवस पोचतं. पहाटे सगळं ओलं, आणि ऊन चढलं की दहा वाजेपर्यंत मागमूस नाही. जमिनीपासून वर काही उंचवटा असेल, तर धुकं त्यावर आदळतं आणि पाणी ठेवून जातं. सपाट वाळूवर फारसं काही उरत नाही.

इथे प्रयोगशाळा उभी राहिली ती भुंगेऱ्यांमुळेच. चार्ल्स कॉख हे ऑस्ट्रियात जन्मलेले कीटकतज्ज्ञ याच काळ्या भुंगेऱ्यांच्या कुळाचे जाणकार होते. नामिबमध्ये या कुळाची जी विविधता आहे ती पाहून त्यांनी १९६२ साली गोबाबेबला संशोधन केंद्र सुरू केलं. सबंध केंद्र एका कीटककुळाच्या प्रेमापोटी उभं राहावं, हे तसं दुर्मीळच. १९७० मध्ये कॉख गेले आणि केंद्राची धुरा मेरी सीली या अमेरिकेतून आलेल्या तरुण संशोधिकेकडे आली. पुढची कित्येक दशकं नामिबच्या जीवशास्त्राशी त्यांचं नाव जोडलेलं राहिलं.

१९७६ च्या जुलैत 'नेचर'मध्येच विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांचा छोटासा लेख आला. ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिसची पाणी पिण्याची रीत त्यात पहिल्यांदा नीट नोंदली गेली.

ही रीत समजायची तर आधी त्याचा रोजचा दिवस पाहावा लागतो. अंग्विक्युलॅरिस दिवसा वावरणारा. त्याला ऊब लागते. रात्री वाळू थंड पडली की तो टेकडीच्या उताराच्या सैल वाळूत पुरून घेतो आणि सकाळी ऊन तापल्यावर बाहेर पडतो. भर दुपारी वाळूचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर जातो तेव्हा पुन्हा आत. म्हणजे काळोखात, गारठ्यात या भुंगेऱ्याने वर येण्याचं काहीच कारण नाही. पण धुकं उतरलं की तो येतो. गारठलेल्या अंगाने, सावकाश, तो उतार चढतो आणि टेकडीच्या अगदी धारेवर जाऊन थांबतो. तोंड वाऱ्याकडे करतो. मागचे लांब पाय ताणून पाठीचा मागचा भाग वर उचलतो आणि डोकं वाळूपर्यंत खाली नेतो. आता त्याची काळी, गुळगुळीत पाठ उतरणीसारखी वाऱ्यासमोर तिरपी झालेली असते. मग तो हलत नाही. पाठीवर आधी नुसती ओल चढते, मग बारीक ठिपके दिसू लागतात, ठिपके एकमेकांत मिसळतात. थोड्या वेळाने एखादा ओघळ मानेवरून डोक्यावर येतो आणि तोंडाशी थबकतो. भुंगेरा तो पितो आणि पुढच्याची वाट बघतो.

हॅमिल्टन आणि सीली यांनी धुक्याआधी आणि धुक्यानंतर भुंगेऱ्यांची वजनं केली. एका पहाटेत वजन सरासरी १२ टक्क्यांनी वाढलं होतं. सर्वांत तहानलेल्या पठ्ठ्याने तर ३४ टक्के भर घातली होती. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत वीस लिटर पाणी प्यावं, असा हा हिशेब.

जागेची निवड इथे निर्णायक आहे. टेकडीच्या माथ्यावर वारा सर्वांत जोरात वाहतो, म्हणून तेवढ्याच वेळात तिथे पाठीवरून जास्त धुकं जातं. पायथ्याशी तसंच उभं राहिलं तर फारसं काही जमणार नाही. भुंगेऱ्याला हे कसं कळतं असं विचारण्यात अर्थ नाही. लक्षावधी पहाटेंत चुकीच्या जागी उभे राहिलेले तहानेने मेले असणार.

त्याच वर्षी सीली आणि हॅमिल्टन यांनी 'सायन्स' या अमेरिकी साप्ताहिकात दुसरी तऱ्हा सांगितली. लेपिडोकोरा हा ओनिमॅक्रिसचा शेजारी, पण वेगळ्या वंशातला. अंगाने चपटा, चकतीसारखा आणि रात्री फिरणारा. त्याला माथ्यावर उभं राहणं जमत नाही. तो धुकं असताना वाळूत वाऱ्याच्या आडवी एक उथळ चर काढतो. चरीच्या दोन्ही काठांचे बांध आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त ओल धरतात. मग हा गडी बांधावरून परत येतो आणि ओली वाळू चोखत जातो. एकाच टेकडीवर, एकाच धुक्यात, पाणी मिळवायच्या दोन पूर्ण वेगळ्या तऱ्हा.

मिळवलेलं पाणी राखणं हा पुढचा भाग. ओनिमॅक्रिसला उडता येत नाही. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कडक होऊन पाठीवर ढाल बनते, आणि उडणारे मागचे पंख तिच्याखाली घडी घालून असतात. ओनिमॅक्रिसमध्ये ढालीचे दोन्ही भाग एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात. उडण्यासाठी ते उघडत नाहीत, म्हणून खाली एक बंद पोकळी राहते. शरीराची श्वासछिद्रं या पोकळीत उघडतात. त्यामुळे बाहेर जाणारी वाफ थेट वाळवंटाच्या हवेत न जाता आधी तिथे अडते. उडणं सोडून दिलं आणि बदल्यात पाणी वाचवलं, असा हा सौदा. वर मेणाचा पातळ लेप आहेच.

खायला काय, हा प्रश्न वाऱ्यावर सुटतो. टेकड्यांवर झाडझाडोरा नाहीच म्हटलं तरी चालेल, पण पूर्वेकडून येणारा गरम वारा आतल्या गवताळ भागातून सुकी पानं, काड्या, बिया, मेलेले किडे उडवून आणतो. वाळू घसरते त्या उतारावर वाऱ्याचा जोर मोडतो आणि हा कचरा पायथ्याशी साठतो. बिनझाडांच्या टेकडीवर एवढे भुंगेरे जगतात ते या वाऱ्याने भरलेल्या कोठारावर. त्यांना खाणारेही तिथेच येतात. नामाक्वा सरडा, वाळूत वावरणारा मोठा शॅमेलियन, हे त्यांचं पक्कं गिऱ्हाईक.

वंशातल्या सगळ्याच जाती अशा गंभीर नाहीत. ओनिमॅक्रिस प्लाना नुसता पळतो. त्याचं अंग चपटं, कडा रुंद पसरलेल्या, त्यातून नर मादीहून जास्त चपटा. हा प्राणी भर उन्हात वाळूवरून सेकंदाला मीटरभराच्या आसपास वेगाने सुसाट सुटतो. चालणाऱ्या कीटकांत एवढा वेग क्वचितच दिसतो. नर मादीमागे लागतो तेव्हा एका मादीमागे दोन-तीन नरांची रांग धावताना दिसते. गंमत अशी की या धावण्याने तो तापत नाही. १९८० च्या दशकात स्यू निकलसन, जॉर्ज बार्थोलोम्यू आणि सीली यांनी केलेल्या मोजणीत दिसलं की पळताना अंगावरून वाहणारी हवा त्याला गार ठेवते. उन्हात थांबला असता तर जास्त तापला असता.

प्लानाचा आसरा म्हणजे नाराची झुडपं. नारा ही काकडी-भोपळ्याच्या कुळातली काटेरी वनस्पती, नामिबपुरतीच. हिला पानं जवळजवळ नाहीतच, हिरवी खोडं आणि काटेच पानांचं काम करतात. मुळं वाळूत खोल पाण्यापर्यंत जातात आणि वाळू अडून भोवती टेकाडं तयार होतात. फळांत भरपूर रस आणि तेलकट बिया. कुइसेबच्या काठी राहणारे टोपनार लोक शतकानुशतकं ही फळं काढत आले आहेत. गर शिजवून सुकवणं आणि बिया विकणं हा त्यांच्या उपजीविकेचा भाग होता आणि काही अंशी आजही आहे. माणसाला ज्या झुडपाने तगवलं, त्याच झुडपाच्या काट्यांत दुपारी प्लाना लपतो. ओनिमॅक्रिस रुगाटिपेनिस मात्र टेकड्यांवर चढतच नाही. तो कुइसेबच्या कोरड्या पात्रात, झाडांच्या सावलीच्या आजूबाजूला असतो. शंभर-दोनशे मीटरच्या अंतरात तीन जाती, तीन पत्ते.

उत्तरेकडे गेलं की आणखी एक कोडं उभं राहतं. ओनिमॅक्रिस बायकलर, कॅन्डिडिपेनिस अशा काही जातींची पाठ पांढरी असते. या सगळ्या उत्तर नामिब आणि अंगोलाच्या बाजूच्या. उन्हाच्या देशात पांढरा रंग शोभतोच, मग दक्षिणेतले भाऊबंद काळे का? १९७३ साली 'लाइफ्स कलर कोड' या पुस्तकात हॅमिल्टन यांनी प्रश्नच उलटा केला. वाळवंटात उष्णता कमी करणं हीच कायम गरज नसते, असं ते म्हणाले. भुंगेऱ्याचं शरीर ३८ अंशांच्या आसपास उत्तम चालतं, पचन आणि वाढ वेगाने होते. काळी पाठ सकाळी लवकर तापते, आणि थंड, धुकट किनाऱ्यावर लवकर तापणं हाच फायदा. जास्त झालं तर वाळूत शिरायला किती वेळ लागतो? पण पांढऱ्या पाठीचा पूर्ण खुलासा याने होत नाही, आणि कीटकतज्ज्ञ त्यावर अजून वाद घालतात. शिवाय बायकलरही धुक्यात उभा राहून पाणी पितो असं दिसलं आहे. पाण्याच्या बाबतीत काळ्या-पांढऱ्याचा भेद नाही.

आता पुन्हा त्या खडबडीत पाठीकडे. पार्कर आणि लॉरेन्स यांनी आपल्या भुंगेऱ्याला स्टेनोकारा म्हटलं होतं. स्टेनोकारा हा वंश खडेरी माळावरचा. याच वंशातला स्टेनोकारा फॅलँजियम खडकावर चढून लांब पायांवर उंच उभा राहतो, पण तो तापलेल्या जमिनीपासून दूर जाण्यासाठी. पुढे हॅमिल्टन, योह हेन्शेल आणि सीली यांनी २००३ मध्ये दाखवलं की लेखात वर्णन केलेला प्राणी स्टेनोकारासुद्धा नसून फायसॅस्टर्ना क्रिब्रिपेस आहे. म्हणजे नाव एकाचं, पाठ दुसऱ्याची आणि पाणी पिण्याची सवय तिसऱ्याची. तीन वेगळ्या प्राण्यांचा मिळून एक प्रसिद्ध भुंगेरा तयार झाला होता.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले थॉमस नोरगार्ड आणि मारी डाके यांनी याचा निकाल लावायचं ठरवलं. ते गुळगुळीत पाठीचे दोन ओनिमॅक्रिस (अंग्विक्युलॅरिस आणि लीव्हिसेप्स) आणि खडबडीत पाठीचे दोघे (स्टेनोकारा ग्रॅसिलिपेस आणि फायसॅस्टर्ना क्रिब्रिपेस) असे चार भुंगेरे घेऊन बसले. आधी जिवंत भुंगेऱ्यांना कृत्रिम धुक्यात ठेवलं. डोकं खाली घालून उभा राहिला तो एकटा अंग्विक्युलॅरिस. त्यालाही धुकं लागतंच. नुसत्या थंडीने किंवा अंधाराने तो तसा उभा राहत नाही. मग चौघांच्या पाठींवर धुकं सोडून जमलेलं पाणी मोजलं. प्रत्येकाच्या पाठीवर जमलेल्या एकूण पाण्यात फरक दिसला नाही. आकारमानाचा हिशेब केला तेव्हा थोडा फरक निघाला, पण तो खडबडीत विरुद्ध गुळगुळीत असा नव्हता: खडबडीतांपैकी एक चांगल्यांत बसला, तर दुसरा सगळ्यांत मागे पडला. आणि ती पाणी धरणारी टोकं? चारही पाठी पूर्णपणे पाणी झटकणाऱ्याच निघाल्या. २०१० मधल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष सरळ होता: अंग्विक्युलॅरिसला पाणी मिळतं ते मुख्यतः त्याच्या वागण्यामुळे, पाठीच्या पोतामुळे नव्हे.

एमआयटीचा पृष्ठभाग याने खोटा ठरत नाही. पाणी धरणारे ठिपके आणि पाणी झटकणारी जमीन अशी रचना खरोखर काम करते. ती एका चुकीच्या गोष्टीवरून सुचली एवढंच. पण नक्कल करायला पाठ उचलली गेली आणि टेकडी मागेच राहिली, हे मात्र खटकतं. नामिबमधून निघालेल्या लेखांची चिकित्सा पुष्कळदा नामिबमध्ये वर्षानुवर्षं पाय झिजवलेल्यांनीच केली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाठ दिसते. पहाटे गारठ्यात उतार चढणारा भुंगेरा तिथे दिसत नाही.

गोबाबेबला १९६० च्या दशकापासून आणखी एक साधं काम चालू आहे. वाळूत तोंडापर्यंत डबे पुरून ठेवायचे, त्यात कोण कोण पडलं ते मोजायचं. डब्यात पडणाऱ्या भुंगेऱ्यांची नोंद वर्षानुवर्षं. १९७६ साली नामिबमध्ये अपवादात्मक पाऊस झाला, टेकड्यांवर गवत उगवलं, भुंगेऱ्यांची संख्या फुगली. पुढच्या कोरड्या वर्षांत ती घसरली. सीली, हेन्शेल आणि हॅमिल्टन यांनी २००५ मध्ये अशा दीर्घकाळच्या आकड्यांतून दाखवलं की पावसावर अवलंबून असलेल्या जाती अशा वरखाली होतात, आणि धुक्याचं पाणी मिळवणाऱ्या जाती, अंग्विक्युलॅरिस आणि लेपिडोकोरा, कोरड्या वर्षांतही बऱ्याच टिकून राहतात. पाऊस लहरी असतो. धुकं दर वर्षी येतं.

२०१३ साली युनेस्कोने नामिबच्या वाळूसमुद्राला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच वैशिष्ट्यासाठी: धुक्याने पोसलेल्या वाळूच्या टेकड्यांचा एवढा विस्तीर्ण किनारी प्रदेश दुसरा नाही. ते धुकं येतं कुठून याचा हिशेब मात्र अलीकडे बदलतो आहे. २०१७ मध्ये कुडझाई कासेके आणि सहकाऱ्यांनी गोबाबेबच्या धुक्याच्या पाण्यातले समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, तपासले. समुद्रावरून थेट आलेलं धुकं त्यात होतंच, पण बराचसा वाटा समुद्राचा नव्हता. त्यात जमिनीखालच्या पाण्यातून उठलेली वाफही होती. हवामान बदललं तर यातला कोणता स्रोत आटेल आणि कोणता वाढेल, यावर पहाटे माथ्यावर किती पाणी मिळणार ते ठरेल. म्हणून गोबाबेबच्या आसपास धुकं मोजणारी यंत्रं आता ठिकठिकाणी उभी आहेत, आणि पुरलेल्या डब्यांतले भुंगेरेही मोजले जात आहेत.